मुकं वळण

सातोडे गावात पाणी येते ते मोरकड्याच्या पोटातून. कातळात खोदलेला हा बोगदा माणूस वाकून जाईल एवढाच आहे. दोन्ही तोंडांकडून तो सुतात, सरळ गेला आहे. मधेच मात्र डावीकडे भरकटतो आणि पुन्हा उजवीकडे वळून वाटेला लागतो. एवढे सुबक काम करणाऱ्यांचा हात इथेच कसा चुकला, असे पाहुणे विचारतात. मग गावातले भिवाजी अण्णा त्यांना बसायला दगड दाखवतात. "चुकला नाही. तेवढ्या वाटेत कुणी ओ दिली नव्हती," म्हणतात, आणि सांगू लागतात.

फार पूर्वी सातोड्यात उन्हाळ्याला पाणी म्हणून नसे. कड्याच्या पलीकडे बारमाही झरा होता, पण तो घळीत वाहून जायचा. कडा फोडून तो गावात आणीन, असे राघू पाथरवटाने देवळात नारळ ठेवून सांगितले. त्याचा मुलगा हैबती झऱ्याकडून खोदू लागला आणि राघू गावाकडून. राघूची सून गिरजा सासऱ्याच्या हाताखाली कपच्या उपसायची.

कातळाच्या आत दिशा कशी कळावी? तर एकाने घाव घालून थांबायचे, दुसऱ्याने पलीकडून घाव घालायचा. इकडच्या घावाला ते हाक म्हणत, तिकडच्याला ओ. घणाच्या आवाजाने राघूचे कान कधीच गेले होते, म्हणून ओ ऐकायची गिरजाने. आवाज येईल तिकडे ती गेरूची रेघ ओढायची आणि राघू त्या रेघेवर खोदायचा. हैबतीची ओ दुहेरी असे, एकापाठोपाठ दोन घाव. ती गिरजा घावांच्या गर्दीतही ओळखायची, असे सांगतात.

काम अर्ध्यावर गेले आणि पलीकडे छताचा चिरा सुटून हैबती गेला. राघूने हातोडा खाली ठेवला तो ठेवलाच. त्याच वर्षी विहिरींनी तळ दाखवला. वळवाच्या आधी गाव मोडून खोऱ्यात उतरायचे, असे पंचांनी ठरवले.

गाव उठले असते, तर हैबतीचे काम डोंगराच्या पोटात तसेच अर्धे राहिले असते. ते गिरजाला सोसणार नव्हते. सासऱ्याचा हातोडा तिने उचलला.

"कुणाला हाका मारतीस गं गिरजे? तिकडं कोण हाय आता?" शेजारच्या भागूबाईने बोगद्याच्या तोंडातून विचारले.

"कड्याला मारतीय. तुम्ही भांडी भरा गाडीत."

ती घाव घाली, थांबे, कान लावी. काही येत नसे. गेरू तसाच पडून राहिला. रेघेवाचून हात डावीकडे ओढला जात होता. तिला तो संशय होता, पण विचारायचे कुणाला? ती पुन्हा घाव घाली आणि पुन्हा तेवढीच थांबे.

इकडे गाड्या भरत आल्या. मुलाची हत्यारे मागे राहू नयेत म्हणून राघू पलीकडे गेला. हैबतीची छिन्नी भेगेत रुतलेली होती, जशी त्याने सोडली तशी. ती उपटायला राघूने मूठ आवळली, तर छिन्नी हातात थरथरली. थांबली. पुन्हा थरथरली. राघूने वाकून तिच्या माथ्यावर कपाळ टेकवले. कानांना जे कळत नव्हते ते हाडाला कळले. त्याने छिन्नी उपटली नाही. तिच्याच माथ्यावर घाव घातला.

गिरजाने ऐकले. घाव एकच होता, जड, सावकाश. हैबतीचा नव्हता. क्षणभर तिने भिंतीला हात टेकला. मग गेरू उचलून तिने उजवीकडे रेघ ओढली.

त्यानंतर दोघे थांबलेच नाहीत, म्हणे. शेवटी कातळात बोटभर भोक पडले आणि पलीकडून उजेड आला.

"उशीर केला पोरी मी," राघू म्हणाला.

"ओ दिलीत न्हवं, मामंजी. सरा आता, वाट मोठी करू."

पाणी आत येऊ नये म्हणून झऱ्याला घातलेला बांध फोडला तेव्हा पाणी वळणापाशी अडले, फुगले, आणि गावाकडे धावले. जुंपलेल्या बैलांनी आधी वास घेतला. भरल्या गाड्यांसकट ते पाण्याकडे वळले, आणि भागूबाईची भांडी नव्या ओढ्यात पडली. ती ओढ्यात बसून एकेक भांडे भरत राहिली आणि हसत राहिली.

त्या वाकड्या तुकड्याला मुकं वळण म्हणतात. तो सरळ करू द्यायला गाव कधी तयार झाले नाही. सातोड्यात दगड कोरला असे कुणी म्हणत नाही. पहिला घाव ती हाक, काम पुरे झाले की ओ आली, आणि अर्धा सोडलेला दगड तो मुका. आजही इथला पाथरवट हाक घालण्याआधी छिन्नी दगडावर उभी धरतो आणि तिच्या माथ्यावर कपाळ टेकवतो. पाहुण्यांना तो नमस्कार वाटतो. तो ऐकत असतो.