कोरी नळी

एका गावात हवा मोजणारा एक माणूस आला. नाव तुळाजी. बावीस वर्षं तो हेच काम करत होता. त्याच्या मोजणीवर आजवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि याचा त्याला ताठा होता.

गावाच्या वेशीला रंगाचा कारखाना होता. तिथल्या उघड्या टाक्यांतून वाफा उठत आणि वाऱ्याबरोबर घराघरात शिरत. बायकांना भोवळ येई, पोरांचे डोळे चुरचुरत. मालक म्हणे, "वास आला म्हणून विष होत नाही. मोजून दाखवा." सरकारी साहेबाने आठ दिवसांवर सुनावणी ठेवली. मोजणी तुळाजीकडे आली.

त्याचं सामान साधं. काचेच्या बोटभर नळ्या, आत कोळशाचे दाणे. नळीची दोन्ही टोकं फोडायची, लहानशा यंत्राला जोडायची आणि दिवसभर हळूहळू हवा ओढायची. वाफ कोळशात अडकते. मग झाकणं लावून नळ्या प्रयोगशाळेत धाडायच्या. सोबत एक नळी अशी असते, की तिच्यातून हवा ओढायचीच नाही. टोकं फोडायची आणि लगेच झाकायची. ती बाकीच्यांबरोबर जाते, बाकीच्यांबरोबर परत येते. ती कोरी नळी. तिच्यात काही सापडलं नाही, तरच बाकीच्या नळ्यांचं खरं धरायचं.

तुळाजीने गावात चार नळ्या लावल्या आणि कोऱ्या नळीसह प्रयोगशाळेत धाडल्या. तिसऱ्या दिवशी तिथून कागद आला. चारही नळ्यांत वाफा मर्यादेच्या पाचपट! गावाने पेढे वाटायचेच बाकी ठेवले. तुळाजीने मात्र शेवटची ओळ दोनदा वाचली. कोरी नळीही भरली होती.

कारण त्याच्या लगेच ध्यानात आलं. पेट्रोल पंप लांब, म्हणून मोटारसायकलच्या पिशवीत तो पेट्रोलची बाटली ठेवी. मोजणीच्या दिवशी नळ्यांची पेटी त्याने त्याच पिशवीत कोंबली होती, आणि पेट्रोलची वाफ सगळ्याच नळ्यांत शिरली होती.

सरपंच यसूबाई म्हणाल्या, "तुळाजीभाऊ, एक नळी कमी दाखवली तर कोण विचारणार? माझी सून पोटुशी आहे. भाकरी थापता थापता दोनदा पडली."

"ताई, चूक माझी आहे. हा कागद बाद."

"कारखान्याचा चहा गोड लागला वाटतं!" पारावरून कुणीतरी ओरडलं.

तुळाजीने कागदावर आडवं 'बाद' लिहिलं आणि खाली सही केली. बावीस वर्षांतली ही त्याची पहिलीच बाद मोजणी.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकल घरीच राहिली. हात घासून धुतले. नवी पेटी खांद्यावर घेऊन तो तीन कोस चालत आला. विडीला शिवला नाही. सकाळपासून दिवे लागेपर्यंत नळ्यांपाशी बसून राहिला. यसूबाईंनी धाडलेली भाकरीसुद्धा दूर झाडाखाली जाऊन खाल्ली.

या खेपेला वाफा निघाल्या मर्यादेच्या दुप्पट. पाचपट नव्हे, दुप्पट. आणि कोरी नळी कोरी.

सुनावणीला मालक हसतच उठला. "साहेब, हा गृहस्थ पिशवीत पेट्रोल घेऊन फिरतो. माझ्या फाटकावरच्या माणसाने पाहिलंय. याच्या नळ्यांत दुसरं काय सापडणार?"

तुळाजीने दोन्ही कागद टेबलावर ठेवले. बाद झालेला वर. "त्याने पाहिलं ते खरं. ही माझी चूक. आणि खालचा कागद ती चूक काढून टाकल्यानंतरचा. त्या दिवशी मी पायी आलो होतो."

साहेबाने दोन्ही कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचले. मग मालकाकडे पाहिलं. "आता बोला."

मालक खाली बसला. टाक्यांना झाकणं बसून पुन्हा मोजणी होईपर्यंत कारखाना बंद, असा हुकूम निघाला.

बाहेर यसूबाई वाट पाहत होत्या. "पुढच्या मोजणीलाही तुम्हीच या, भाऊ. पण पायी."

"पायीच येईन, ताई," तुळाजी म्हणाला, आणि पेटी खांद्याला लावून चालू लागला.

तात्पर्य: जो स्वतःची चूक आधी स्वतःच उघड्यावर मांडतो, त्याच्या खऱ्याला कुणी खोटं पाडू शकत नाही.