मारुतीची फेरी

चूक तात्या इंगवल्यांचीच होती, आणि त्यांच्या प्रत्येक थापेला मान डोलावणाऱ्या पारावरच्या म्हाताऱ्यांची. गावठाणाची मोजणी लेसरनं होणार, यंत्राला जे उभं दिसेल ते नकाशावर चढणार, असं कळताच तात्यांनी एक धोंडा शेंदूर फासून शेजारच्या मालनच्या बोळात बसवला, आपल्या कुंपणभिंतीला अगदी टेकवून. मालनच्या दाराला तेवढीच वाट होती. बोळ देवाचा ठरला की तात्या देवाची राखण म्हणून त्याला फाटक लावणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मोजणीवाल्या मॅडमनी बोळाच्या तोंडाशी तिवईवर यंत्र चढवलं.

"स्वयंभू मारुती आहे," तात्या म्हणाले. "आमच्या भिंतीच्याही आधीचा. विचारा या जुन्या माणसांना."

शेंदूर अजून ओला होता. तरी म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

मालन पुढे झाली. "भिंतीच्या आधीचा ना, तात्या? मग तुमच्या भिंतीनं देवाची प्रदक्षिणा अडवलीय. मॅडम, मारुती नकाशात घ्याच. पण आधी त्याच्या फेरीची वाट मोकळी होऊ दे, मग यंत्र फिरवा."

तात्यांनी म्हाताऱ्यांकडे पाहिलं. माणसांपुढे बिनदिक्कत खोटं बोलणारे ते म्हातारे, देवापुढे मात्र घाबरले.

"फेरी तर पाहिजेच, तात्या," त्यांच्यातला थोरला पुटपुटला.

धोंडा कालच बसवलाय, हे तात्यांना चारचौघांत म्हणवेना.

बोळ फेरीसाठी कायमचा खुला राहिला. फेरीच्या वाटेत तात्यांची भिंत गेली, आणि भिंतीआडची गाडीची शेडही गेली.