कोपऱ्यातला स्टड

अवजारं एकमेकांशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. शर्यतीच्या गाडीच्या इंजिनात दस्तगीर मिस्त्रींनी हातानेच स्टड, म्हणजे आट्यांचे दांडे, उभे बसवले, त्यांवर इंजिनाचं झाकण, म्हणजे हेड, ठेवलं, नट नुसते टेकवले आणि ते जेवायला गेले.

कोपऱ्यातल्या स्टडच्या पोटात दुखत होतं. मिस्त्री नेहमी मधल्यांना आधी आवळायचे, तेही थोडं थोडं. कोपऱ्याची पाळी शेवटी. शर्यतीला जायचं तर पहिला मान घेऊन जावं, असं त्याला वाटे.

"पानेदादा," तो लांब पान्याला म्हणाला, "तुमच्या अंगात लई जोर आहे म्हणे. का नुसत्याच गप्पा?"

पान्याने त्याला जीव खाऊन आवळलं. हेड त्याच्याकडे कललं, पलीकडे फट पडली.

"ए, इकडनं वारा येतोय," पलीकडचा स्टड ओरडला.

मिस्त्री आले, फट पाहून हसले. त्यांनी कोपऱ्यातला स्टड काढला, तर तो ताणून केसभर लांब झालेला. असा स्टड इंजिनात पुन्हा घालत नाहीत. त्याच्या जागी नवा बसला आणि गाडी शर्यतीला गेली.

आता तो भिंतीत ठोकलेला आहे. त्याच्यावर मिस्त्रींची टोपी असते.

"सगळ्यांत उंच मीच," तो तिला सांगतो.

"हो बाबा," टोपी म्हणते, "पण जरा सरळ राहा, मी घसरतेय."