एक कोपरा छाटला तर?

दगड घडवणाऱ्या कोंडाईला राजाच्या पाठशाळेत शिकायचं होतं. बाई शिकणार म्हटल्यावर तिथल्या शास्त्रीबुवांच्या पोटात दुखलं. भर दरबारात ते गरजले, "चौकोनी ठोकळ्याला कोपरे आठ. एक छाटला, तर उरले किती? चुकलीस तर पुन्हा इथे दिसायचं नाही."

"दहा," कोंडाई म्हणाली.

"अगं, सात! बोटं तरी मोजता येतात का?"

कोंडाईने सोबतच्या दगडी ठोकळ्याचा एक कोपरा छिन्नीने उडवला. महाराजांनी बोट लावून मोजलं. जुने सात, आणि छाटल्या जागी नवे तीन.

बुवा खवळले. "हाकला हिला!"

"हाकला की, बुवा! एक छाटला की तीन उगवतात, महाराजांनी आत्ताच मोजलंय. उद्या दोन्ही जावांना घेऊन येते."

महाराजांनी पाठशाळेत तीन आसनं मांडायला लावली, बुवांच्या अगदी समोर.