नमुन्याचं शीड

खूप खूप मागची गोष्ट आहे, माणसांचे निरोप साळुंक्या पोचवत असत तेव्हाची. मुलांनो, तुम्ही पुढे सरकून बसा. आणि मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या, कारण ही गोष्ट मुलांपेक्षा तुमच्याच जास्त कामाची आहे.

त्या राज्यात कारागीर राहत डोंगरात आणि पेठ होती समुद्रकाठी. मधे दोन दिवसांची पायवाट. एवढं कोण चालणार? म्हणून पेठेतला माणूस आपलं काम साळुंकीला सांगे, साळुंकी डोंगरात उडून जाई आणि ऐकलेलं जसंच्या तसं बोलून दाखवी. काम देणाऱ्याने कारागिराचं तोंड पाहिलेलं नसे, कारागिराने त्याचं. तरी कामं होत, पैसे पोचत, संसार चालत. सोय मोठी होती. खोट एवढीच की साळुंकीच्या गळ्यातून सज्जनाचा निरोप आणि लबाडाचा निरोप सारख्याच गोड आवाजात येई.

म्हणून कारागिरांनी एक रीत घालून घेतली होती. अर्धे पैसे विसार म्हणून आधी यायचे, मगच काम सुरू व्हायचं. उरलेले अर्धे माल पोचल्यावर. नमुन्याला मात्र विसार नसे. नमुना फुकट.

डोंगरातल्या एका गावात एक कोष्टीण राहत होती. नवरा गेलेला, घरात म्हातारा सासरा. सासऱ्याची नजर अधू झाली होती, पण कापड नुसतं बोटांनी चाचपून ते कुणाच्या मागावरचं हे तो सांगे. कोष्टिणीचा हात त्याच्याच हाताखाली तयार झालेला. विणलेल्या प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात ती तीन बारीक पायऱ्यांची खूण घाली. ज्या घरी तिचं कापड गेलं, त्या घरी लोक ती खूण शोधून बघत. तिला स्वतःच्या कामाचा अभिमान होता, आणि का नसावा?

त्या साली मात्र माग तीन महिने गप्प होता. अशात एका सकाळी साळुंकी दारात उतरली. बंदरावरच्या एका बड्या शेटला नव्या गलबतासाठी शीड विणून हवं होतं. बारा पट्ट्यांचं शीड, पूर्ण उंचीचं. पण आधी नमुना हवा होता, आणि तोही हातभर नाही तर अख्खी एक पट्टी. लहान तुकड्यावरून वारा कसा धरेल ते कळत नाही, असं शेटचं म्हणणं.

सासऱ्याने नाक मुरडलं. अख्खी पट्टी म्हणजे चार दिवसांचं काम, त्याला नमुना कोण म्हणतं, असं तो पुटपुटला. कोष्टिणीलाही ते खटकलं. पण बारा पट्ट्यांचं काम मिळालं तर वर्ष निघणार होतं. गरज असली की माणूस खटकलेल्या गोष्टीकडे कानाडोळा करतो. तिने माग लावला.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. नमुना विणायची डोंगरात एक ठरलेली पद्धत होती. खरं शीड दुहेरी पिळाच्या सुताचं. नमुना मात्र एकेरी सुताचा, आणि त्याला भरपूर खळ, म्हणजे हाताला तो जाड आणि कडक लागावा. यात फसवणूक काही नव्हती. वीण कशी दिसेल, काठ कसा बसेल, एवढंच नमुन्याने दाखवायचं. वाऱ्यापावसात तो कुणी वापरायचाच नसे. ज्याने एकदा तरी विसार देऊन काम पुरं करून घेतलं होतं, त्या प्रत्येकाला हे माहीत असे, कारण विसार आला की कारागीर पहिलं तेच सांगे. या शेटने मात्र आयुष्यात कुणाला विसार दिलाच नव्हता.

चार दिवस खपून कोष्टिणीने पट्टी विणली, कोपऱ्यात आपली खूण घातली आणि खाली जाणाऱ्या बैलाच्या पाठीवर लादून पाठवली. पंधरा दिवसांनी साळुंकी परत आली. तिने निरोप सांगितला: वीण विरळ आहे, काठ वाकडा आहे, काम पसंत नाही. नमुना परत पाठवण्याच्या लायकीचा नव्हता, टाकून दिला.

कोष्टीण खाली बसली. तिच्या काठाला आजवर कुणी वाकडा म्हटलं नव्हतं. ती बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिली आणि चूक कुठे झाली ते आठवत राहिली. प्रामाणिक माणसाचं हे असंच असतं. दुसरा खोटं बोलला तरी तो आधी स्वतःलाच तपासतो.

साळुंकी अजून उंबऱ्यावरच होती. साळुंक्यांना निरोप सांगायची सवय, त्यांना उलट काही विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नसे. कोष्टिणीने त्या दिवशी विचारलं.

"कुठे टाकला गं माझा नमुना?"

साळुंकीने मान वाकडी केली. मग तिने जे पाहिलं होतं ते सांगितलं. हाच निरोप ती आणखी अकरा दारांवर बोलून आली होती, एक शब्दही न बदलता. आणि टाकलं तर काहीच नव्हतं. शेटच्या अंगणात शिंपी बसले होते. बारा पट्ट्या एकीला एक जोडून शीड शिवून तयार होतं. कोष्टिणीची पट्टी डावीकडून तिसरी. तीन दिवसांनी गलबत निघणार होतं.

म्हणजे बारा घरांच्या तोंडाला पानं पुसून शेटने एक पैसा न देता शीड मिळवलं होतं. कोष्टिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. सासराही संतापला आणि त्याने शेटच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पण बोलता बोलता कोष्टीण एकदम थांबली. तिचा चेहरा उतरला.

"मामंजी," ती म्हणाली, "त्या बाराही पट्ट्या एकेरी सुताच्या आहेत."

खळ म्हणजे शेवटी पेज. शीड एकदा भिजलं की ती धुऊन जाणार, आणि मग मागे उरणार पंच्याच्या जोगतं कापड. भर समुद्रात.

"त्याने चोरी केली," सासरा म्हणाला. "त्याचं तो बघेल. आपलं त्यात काही लागत नाही, सूनबाई."

"गलबतावर तो जाणार नाही, मामंजी. दुसरी माणसं जाणार. चोरी त्याची असली तरी कापड माझं आहे."

तिने साळुंकीला लगेच उलट निरोप दिला. पैसे नकोत, पण शीड बदला, ते वाऱ्याला टिकणार नाही. दुसऱ्या दिवशी साळुंकी उत्तर घेऊन आली. शेट हसला होता. पैसे काढायची ही नवी तऱ्हा दिसते, असं त्याने सांगून पाठवलं होतं.

तेव्हा कोष्टिणीने भाकरी बांधून घेतली आणि ती चालू लागली. निरोप गोड असो की कडू, साळुंकीच्या तोंडून आवाज साळुंकीचाच येतो. माणसाने माणसाच्या समोर उभं राहून सांगितलं तर खरं खोटं कळेल, असं तिला वाटलं. दोन दिवस ती चालली. डोंगर उतरताना पायांना फोड आले. आयुष्यात पहिल्यांदा तिने समुद्र पाहिला, पण त्याच्याकडे बघत उभं राहायला तिला वेळ नव्हता.

गलबत धक्क्याला लागलेलं होतं. शीड डोलकाठीवर चढवलेलं. दुपारच्या उन्हात ते इतकं देखणं दिसत होतं की क्षणभर तिलाच अभिमान वाटला, आणि लगेच त्या अभिमानाची लाज वाटली. तिसऱ्या पट्टीच्या कोपऱ्यात तीन पायऱ्या स्पष्ट दिसत होत्या.

शेट धक्क्यावरच होता. त्याच्या शेजारी त्याचा एकुलता एक मुलगा, पहिल्यांदाच सफरीला निघालेला, आणि गलबत हाकणारा म्हातारा तांडेल. शिवाय पाच खलाशी. कोष्टिणीने आपण कोण ते सांगितलं आणि हात जोडले.

"शेट, मी मोल मागायला आले नाही. हे कापड नमुन्याचं आहे, एकेरी सुताचं. खळीमुळे जाड लागतंय. माझ्या पट्टीवर फक्त एक तांब्या पाणी ओता आणि उन्हाकडे धरून बघा. खोटं निघालं तर मला हवी ती शिक्षा द्या."

तांडेलाने मान वर करून शिडाकडे पाहिलं. एक दिवस थांबून बघायला काय हरकत आहे, असं तो हळूच म्हणाला. एक तांब्या पाण्याने काय बिघडणार होतं? पण शेटच्या मनात वेगळाच हिशोब चालू होता. शीड भिजवून बघितलं तर ही कापडाची मालकीण ठरते. ती ठरली की बाकीची अकरा घरंही डोंगर उतरून येणार. आणि त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे, ही बाई दोन दिवस पाय झिजवून आली आणि काहीच मागत नाही, हे त्याला पटेना. त्याने स्वतः जन्मात कुणासाठी फुकट काही केलं नव्हतं, दुसरा कुणी तसं करू शकतो हे त्याच्या कल्पनेतच बसत नव्हतं.

"फुकटात कुणी एवढं चालत येत नाही, बाई," तो म्हणाला. "माझं शीड नासवायला आलीस तू. पैसे मिळाले नाहीत, त्याचा राग आहे हा." आणि तांडेलाकडे वळून त्याने सांगितलं की भीती वाटत असेल त्याने उतरावं, बंदरात दुसरे तांडेल पुष्कळ आहेत. तांडेलाच्या घरी खाणारी सात तोंडं होती. त्याने मान खाली घातली.

कोष्टिणीने धक्क्यावरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि ती गलबतावर चढायच्या फळीकडे धावली. शेटच्या माणसांनी तिला धरलं. ओढाताणीत तांब्या पडला आणि पाणी दगडांवर सांडून गेलं.

मुलगा जवळ आला. वाईट नव्हता तो. त्याने तांब्या उचलून तिच्या हातात दिला आणि धक्क्यावर झुकलेल्या शिडाचा काठ चिमटीत धरून तो म्हणाला, "बघा ना, केवढं जाड आहे. बाबा कापडाच्या पारखीत चुकत नाहीत. तुम्ही उगाच जिवाला लावून घेताय."

"उतर रे बाळा," एवढंच तिला बोलता आलं.

तो हसला आणि फळीवरून वर गेला. शीड वाऱ्याने भरलं, गलबत निघालं. ते दिसेनासं होईपर्यंत कोष्टीण धक्क्यावर उभी राहिली. मग तिने परतीची वाट धरली.

पहिले दोन दिवस वारा पाठचा होता आणि आभाळ कोरडं. तिसऱ्या दिवशी पावसाची एक सर येऊन गेली. मोठी नव्हती, खलाशांनी तिची दखलही घेतली नाही. पण खळ धुऊन निघायला तेवढी पुरली. संध्याकाळी वारा फिरला, आणि गलबत खडकांपासून दूर न्यायला तांडेलाने शीड ताणलं तेव्हा ते फाटलं. शिवण कुठे उसवली नाही, शिंप्यांचं काम चोख होतं, कारण त्यांना मजुरी मिळाली होती. फाटलं ते मधलं कापड, बाराही पट्ट्यांचं. गलबत खडकावर गेलं. कोळ्यांच्या होड्यांनी चौघा खलाशांना वाचवलं. एक खलाशी, म्हातारा तांडेल आणि शेटचा मुलगा सापडले नाहीत.

काही महिन्यांनी डोंगरातल्या गावात एक माणूस चालत आला. पायांना फोड आलेले, दाढी वाढलेली. बाकीच्या अकरा घरी त्यांच्या पट्ट्यांचे पैसे चुकते करून तो शेवटी कोष्टिणीच्या दाराशी आला. तिने त्याला ओळखलं. तिने पाणी दिलं, ते त्याने घेतलं नाही. त्याने कमरेची पिशवी सोडली आणि उंबऱ्यावर पैसे ठेवले. एका पट्टीचे नाही, अख्ख्या शिडाचे, दुपटीने.

कोष्टिणीने पैशांकडे पाहिलं. तिचा माग अजून गप्पच होता. आत सासरा खोकत होता. तरी तिचा हात पुढे झाला नाही.

"तेव्हा दिले असते, शेट, तर ते कापडाचे होते," ती म्हणाली. "आता हे कशाचे म्हणून घेऊ?"

शेट उंबऱ्याखालीच बसला आणि रडू लागला, आणि कोष्टिणीच्याही डोळ्यांना पाणी आलं, कारण तिला तो हसत फळीवर चढणारा मुलगा आठवत होता. त्या पैशांना तिने हात लावला नाही. शेटनेही ते परत उचलले नाहीत. गावाने ते तांडेलाच्या आणि त्या खलाशाच्या घरी पोचवले, आणि त्या सालापासून डोंगरात नमुन्यालाही विसार घ्यायची रीत पडली.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: जो दुसऱ्याचे कष्ट फुकटात लाटतो, त्याला खरं सांगणारं माणूस ओळखता येत नाही, आणि त्याची किंमत तो एकटा भरत नाही.