पाटावरची हत्यारं

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे नारोबा पांचाळ नावाचा एक मिस्त्री गाड्या दुरुस्त करायचा. कामात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. खोड एकच. गाडी दारात आली, की तिचं दुखणं विचारायच्या आधी हा पाना लावायचा. ‘खोलल्याबिगर कळत न्हाई,’ असं त्याचं म्हणणं. बहुतेक वेळा खोलल्यावर कळायचंही, म्हणून त्याला कुणी काही बोलत नसे.

त्याच गावात कुमुदिनी खरात नावाची नर्स होती. सगळा गाव तिला सिस्टर म्हणे. लहानपणी पोलिओ होऊन तिचा डावा पाय लुळा पडला होता. क्लच दाबायला डावा पाय लागतो, त्यामुळे साधी गाडी तिला चालवता येत नसे. पण दवाखान्यातल्या थोरल्या डॉक्टरबाईंनी निवृत्त होताना आपली जुनी ऑटोमॅटिक गाडी तिला दिली. त्या गाडीला क्लच नव्हता, गियर आपोआप बदलायचे. तिच्या जिवावर सिस्टर घाटातल्या वाड्यावस्त्यांवर जायची, बाळंतपणं करायची. एकटी, कुणाची मिनतवारी न करता. मला विचाराल तर अख्ख्या तालुक्यात तिच्याइतकी खमकी बाई नव्हती.

एका वर्षी नवरात्रात गाडी बिघडली. इंजिन नुसतं बोंबलायचं, पण पुढचा गियर वेळेवर पडायचाच नाही. पूर्वी शाळेच्या फाटकाशी पडणारा दुसरा गियर आता मारुतीचं देऊळ मागे गेल्यावर धक्का देऊन पडू लागला. चढावर तर विचारूच नका. तालुक्याच्या गॅरेजात सांगितलं, की गियरबॉक्स गेला, सुटे भाग आता मिळत नाहीत, तेव्हा गाडी भंगारात काढा.

सिस्टर गाडी घेऊन नारोबाकडे आली, तो दिवस खंडेनवमीचा. नारोबाने पाने, पकडी, हातोड्या धुऊनपुसून पाटावर मांडल्या होत्या. वर हळदकुंकू वाहिलं होतं, झेंडूची फुलं ठेवली होती. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही, हा त्याच्या घरातला जुना नेम.

“मिस्त्री, धनगरवाडीच्या पारूचे दिवस भरत आलेत आणि मूल आडवं आहे,” सिस्टर म्हणाली. “उद्या सकाळी तिला खाली दवाखान्यात आणलीच पाहिजे. सणाची दुसरी गाडी मिळत नाही.”

नारोबाचे हात शिवशिवले. “गियरबॉक्स खोलायलाच लागंल, सिस्टर. पर आज पान्याला हात लावता येत न्हाई.”

“हत्यारं पाटावर आहेत, ते दिसतंय मला. डोळे आणि कान तर पाटावर ठेवले नाहीत ना?”

नारोबाला हसू आलं आणि थोडं लागलंही. आयुष्यात पहिल्यांदा तो रिकाम्या हाताने कुणाच्या गाडीत बसला. एक फेरी मारून आला. गाडी उभी असतानाही इंजिन जरा अडखळतंय, हे त्याला ऐकू आलं. मग त्याने गियरबॉक्सचं तेल मोजायची काडी हाताने उपसली. तेल खुणेपर्यंत होतं. रंग लाल, जळका वास नाही. आत काही जळलं असतं, तर तेल काळं पडलं असतं.

मग धडधाकट गियरबॉक्स उशीर का करतो? नारोबा विचार करत बसला. अशा जुन्या गाडीत इंजिन किती ओझं ओढतंय, हे गियरबॉक्सला एका बारीक रबरी नळीतून कळतं. इंजिन त्या नळीतून हवा ओढत असतं. ओढ मंदावली, की गियरबॉक्सला वाटतं गाडीवर ओझं फार आहे, आणि तो गियर बदलायचा थांबतो. नारोबा त्या नळीवरून बोटं फिरवत गेला. इंजिनाकडच्या टोकाला उष्णतेने ती तडकली होती आणि फुसफुसत होती. त्याने तडा बोटाने दाबून धरला, तसं इंजिन शांत झालं.

“गियरबॉक्सला कायबी झालं न्हाई,” नारोबा म्हणाला. “ह्येच्या कानात चुकीचं सांगितलं जातंय. नळी लांब हाय, एवढं टोक कापलं की झालं. पर कापू कशानं?”

सिस्टरने आपल्या पिशवीतून कात्री काढली. “ही घ्या. पोरं नवमी बघून जन्माला येत नाहीत, म्हणून माझी कात्री पाटावर बसत नाही.”

इंजिन बंद करून टोक कापलं, नळी हाताने घट्ट बसवली. पुन्हा फेरी मारली. दुसरा गियर शाळेच्या फाटकाशी पडला, तोही धक्का न देता.

एव्हाना गॅरेजपुढे माणसं जमली होती. जो तो नारोबाची वाहवा करू लागला. नारोबाने मान हलवली.

“उद्या पूजा उतरल्यावर आला असता ना, सिस्टर, तर म्या गियरबॉक्स खोलला असता,” तो म्हणाला. “आन् त्यो मला परत जुळवता आला नसता. तुमची गाडी म्याच मारली असती.”

ज्याच्या हाताला सगळा गाव नावाजतो, त्याने चारचौघांत असं म्हणायला काळीज लागतं. ते नारोबाकडे होतं.

दसऱ्याच्या सकाळी पारू खाली दवाखान्यात पोहोचली. मायलेकरं सुखरूप सुटली. संध्याकाळी पूजा उतरल्यावर नारोबाने गाडीला नवी नळी बसवली.

पण पाट त्याने उचलला नाही. तेव्हापासून कुठलीही गाडी आली, की तो हातातला पाना आधी पाटावर ठेवतो आणि गाडीभोवती नुसता फिरतो, वाकून बघतो, ऐकतो. गिऱ्हाईक कावतं, “अहो मिस्त्री, खोला की लवकर.”

नारोबा म्हणतो, “आधी नवमी, मग दसरा.”

तात्पर्य: हात कितीही तरबेज असला, तरी पहिलं काम डोळ्यांना आणि कानांना द्यावं; मोडतोड न करता जे कळतं, त्यासाठी मोडतोड करू नये.