तान्हुबाईला दिसलेला महादेव

तान्हुबाई मठात पाट्यावर भांग वाटायची. शिवरात्रीला तिने भांड्यात उरलेला घोट घेतला आणि तिला साक्षात महादेव दिसला. हे ऐकून महंत भैरवगिरी भडकले. "आम्हाला होतं ते दर्शन, हिला चढली ती नशा! हिला गावाबाहेर काढा!"

भरल्या चावडीत, निवाड्याला बसलेल्या पाटलांसमोर तान्हुबाई म्हणाली, "महाराज, पाला तोच, भांडंही तेच. मग कुणाच्या पोटात दर्शन व्हायचं आणि कुणाच्या पोटात नशा, हे त्या पाल्याला कुणी शिकवलं?"

"आमच्या तपाने देव दिसतो!" महंत गरजले.

"मग उद्यापासून नुसतं पाणी प्या."

पाटलांनी महंतांकडे पाहिलं. महंत उठून मठाकडे चालू लागले. तान्हुबाई गावातच राहिली, पण मठाची भांग तिने पुन्हा वाटली नाही.